सकाळी आणलं असतं तर

बाईंच्या क्लासचा पहिला दिवस मला आठवतो तो माझ्या चपलांमुळे.

शनिवार पेठेत एका स्टेशनरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, त्यांचा फ्लॅट होता. दाराशी पाटी होती : 'चपला ओळीत काढाव्यात.' मी बिबवेवाडीहून बस बदलत, धावतपळत पोहोचले तेव्हा क्लास सुरू झाला होता. घाईत चपला भिरकावल्या आणि आत जाऊन मागच्या खुर्चीवर बसले. फळ्याजवळ उभ्या असलेल्या बाई बोलायच्या थांबल्या. आखूड कापलेले पांढरे केस, कडक इस्त्रीची सुती साडी, हातात डस्टर. सत्तरीच्या आसपासच्या.

"आपण आत्ताच आलात ना? दारावरची पाटी वाचलीत?"

"हो, मॅडम."

"काय लिहिलंय?"

"चपला ओळीत काढाव्यात."

"आणि आपल्या चपला कुठे आहेत?"

मी मान वळवून पाहिलं. एक दारात उताणी पडली होती. दुसरी जिन्याच्या पायरीवर गेली होती. सगळा क्लास बघत होता. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"छान," बाई म्हणाल्या. "आजचा धडा आयताच आला. 'या ताईंनी चपला ओळीत काढायला हव्या होत्या.' सांगा इंग्रजीत."

मी अडखळत काहीतरी 'शुड'पर्यंत पोहोचले.

"शुड नाही. चपला काढून झाल्या. ती वेळ गेली." त्यांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. "'काढाव्यात' म्हणजे शुड. 'काढायला हव्या होत्या' म्हणजे शुड हॅव. पहिल्या वाक्यात अजून सुधारायला वाव आहे. दुसऱ्यात नाही. दुसरं वाक्य ऐकणाऱ्याला एवढंच सांगतं, की तुम्ही ते केलेलं नाही. कळलं?"

"कळलं, मॅडम."

"मग आता उठा आणि त्या सरळ करून या. उदाहरण संपलं."

मी तेव्हा पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स होते. यवतमाळ जिल्ह्यातलं माझं गाव, नर्सिंगही तिकडचंच. माझी रूममेट लातूरकडची, त्याच हॉस्पिटलमध्ये. दोघींच्या डोक्यात परदेश होता. तिकडे नर्स म्हणून काम करायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि त्यातला बोलण्याचा भाग आमच्यासारख्यांना अवघड जातो. परीक्षक समोर बसून पेशंटचा किंवा नातेवाइकाचा पार्ट करतो आणि आपण त्याची समजूत घालायची. औषधांची नावं, आजारांची नावं मला येत होती. पण समोरचा 'आधी आणलं असतं तर' म्हणाला, की माझं इंग्रजी तिथेच बसकण मारायचं.

बाई या परीक्षेसाठी फक्त नर्सेसना शिकवायच्या. आयुष्यभर एका मराठी शाळेत मुलींना इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. पुढे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात असताना तिथल्या एका सिस्टरने बिचकत विचारलं, की बाई, माझं एवढं वाक्य बघता का? बाईंनी पट्ट्यांच्या गराड्यात पडल्या पडल्या तिचं वाक्य सुधारलं, मग तिच्या मैत्रिणीचं, आणि घरी आल्यावर क्लासच सुरू केला. "गुडघा नवीन बसवला, म्हटलं धंदाही नवीन करू," असं त्या सांगायच्या.

माझी चूक कुठे होते ते त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पकडलं. मी 'जर'च्या बाजूलाही वुड हॅव म्हणायचे आणि 'तर'च्या बाजूलाही.

"चूक तुमची नाही, मराठीची आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे चूक नाही, औदार्य आहे. 'आणलं असतं तर वाचला असता.' आपण 'असतं' दोन्ही ताटांत वाढतो. इंग्रजी चिक्कू आहे. वुड हॅव फक्त 'तर'च्या ताटात. 'जर'च्या ताटात नुसतं हॅड. तिथे वुड मागायचं नाही, मिळणार नाही."

इतक्या वर्षांत, इतक्या पुस्तकांतून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या एका वाक्यात शिरलं. आजही तोंडातून वाक्य निघण्याआधी मला ती दोन ताटं दिसतात.

त्यांची शिकवण्याची तऱ्हाच अशी होती. त्या मराठीतून इंग्रजीत उतरायच्या, आणि उतरताना मराठीचंही असं काही दाखवायच्या जे आम्ही रोज बोलत असूनही कधी पाहिलं नव्हतं. 'जावं लागलं' म्हणजे गेलो, पण इच्छा नव्हती. 'जायचं होतं' म्हणजे इच्छा होती, पण गेलो की नाही ते अजून सांगितलेलं नाही. 'गेला असणार' म्हणजे आपण पाहिलं नाही, पण खात्री आहे. प्रत्येकाला इंग्रजीत वेगळा दरवाजा. चुकीच्या दरवाजातून गेलात तर चुकीच्या घरात जाल, असं त्या बजावायच्या.

एकदा मी जिन्यात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. "काही नाही वं माय, क्लासले जाऊन राहिली," असं काहीसं. वळून बघते तर मागे बाई. माझे कान तापले. पुण्यात आल्यापासून माझ्या 'राहिली'ला लोक हसायचे, त्यामुळे मी इथे जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायचे. बाई तशाच आत निघून गेल्या. पण क्लासमध्ये चालू काळ आला तेव्हा म्हणाल्या, "आमच्या पुणेरी मराठीला इथे 'करते आहे'वर भागवावं लागतं. यांच्याकडे 'करून राहिली' आहे. काम चालू आहे म्हटलं की ते खरोखर चालू राहतं. इंग्रजीच्या जास्त जवळचं आहे." आणि माझ्याकडे बघून, अगदी कोरड्या आवाजात : "लाज बाळगायची तर इंग्रजीची बाळगा, ते अजून येत नाही. मराठी चांगली आहे तुमची."

त्या दिवसापासून मी त्या जिन्यात मोठ्याने फोनवर बोलायला लागले.

क्लासचा शेवटचा अर्धा भाग नाटकाचा असायचा. बाई नातेवाईक व्हायच्या. रागावलेला मुलगा, रडणारी बायको, सगळं इंटरनेटवर वाचून आलेला जावई. साडीचा पदर खोचून, खुर्ची मागे ढकलून त्या अशा तावातावाने इंग्रजीत भांडायच्या की खालचा दुकानदार एकदा वर बघायला आला होता. आम्ही समजूत घालायची. मग त्या पुन्हा बाई होऊन निकाल सांगायच्या.

"तुम्ही धीर देत होतात की रिझर्वेशन रद्द झाल्याचं कळवत होतात?" हे माझ्या रूममेटला.

मला म्हणाल्या, "माणूस बसलेला आहे आणि तुम्ही उभ्या. उभ्याने औषध देता येतं, धीर देता येत नाही. बसा."

त्याच सुमारास आमच्या वॉर्डात पुण्याजवळच्या मांजरी गावाहून एक पेशंट आले. साठी उलटलेले शेतकरी, मेंदूचा झटका. संध्याकाळी कॅज्युअल्टीतून त्यांना वर घेतलं तेव्हा मी ड्यूटीवर होते. शुद्ध हरपत चाललेली, जीभ मागे पडून श्वास अडकत होता. सगळ्यांनी मिळून धावपळ केली, श्वासासाठी नळी घातली, आयसीयूत नेलं, आणि ते वाचले. पण उजवा हात लुळा पडला, पाय कमजोर झाला, आणि वाचा गेली. कळायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येत नव्हते.

त्यांना घेऊन आला होता त्यांचा मुलगा. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला, अंगावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. खाली कॅज्युअल्टीत त्याने सगळी हकिकत सांगितली तेव्हा तिथले तरुण डॉक्टर घाईघाईत म्हणाले होते, "सकाळीच आणायला हवं होतं हो." त्यात दुष्टावा नव्हता. पेशंट बघता बघता तोंडातून निघालेलं वाक्य. ते पुढच्या पेशंटकडे गेलेही. पण मुलगा त्या वाक्याशीच राहिला.

वडील शुद्धीवर आले, नळी निघाली, त्यांना परत आमच्या वॉर्डात हलवलं. भेटायच्या वेळी त्यांची बायको यायची, सून यायची. मुलगा यायचा नाही. तो हॉस्पिटलमध्येच असायचा. औषधं आणायचा, रिपोर्ट आणायचा, दारापर्यंत येऊन माझ्या हातात पिशवी द्यायचा आणि लिफ्टजवळच्या स्टीलच्या बाकावर जाऊन बसायचा. आत बघायचासुद्धा नाही. म्हातारा मात्र दाराकडे बघत असायचा. दार वाजलं की मान वळायची. बायको दिसली, सून दिसली, की नजर त्यांच्या मागे शोधायची. एकदा त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि दाराकडे बोट केलं.

"मुलगा ना?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटून उघडले.

मी बाहेर गेले. मुलगा गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता.

"आत या ना. वडील वाट बघतात तुमची."

"नको, सिस्टर. म्या हितंच बरा हाय."

"अहो, तुम्ही स्वतःला का त्रास करून घेता? तुम्हाला काय माहीत असणार होतं?"

त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझीच कीव आल्यासारखं त्याने बघितलं.

"माहीत व्हतं की. समोरच्या सोसायटीतले एक काका हायेत, रोज बांधावरनं फिरायला जात्यात. ते सकाळीच म्हणले, तुमच्या आण्णांचं तोंड वाकडं दिसतंय, दवाखान्यात न्या. त्या दिशी ऊसतोडीची टोळी आली व्हती. म्या म्हणलं, एका अंगावर झोपले असतील. चहा दिला, पडून रहा म्हणलं, आन शेतात गेलो." मग म्हणाला, "डाक्टर बरोबर म्हणले. सकाळीच आणाय हवं व्हतं."

मी 'बघा, येऊन जा' असं काहीतरी पुटपुटून परत आले.

त्या आठवड्यात क्लासमध्ये 'कुडन्ट हॅव' चाललं होतं. 'यू कुडन्ट हॅव नोन.' तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं. परीक्षेच्या दृष्टीने हुकमी वाक्य. कुठल्याही नातेवाइकाला लागू पडतं. आम्ही सगळ्यांनी ते पाठ केलं होतं. बाईंनी उदाहरणं विचारली तेव्हा मी मांजरीच्या मुलाची गोष्ट सांगितली आणि शेवटी ते वाक्य जोडलं.

बाई खडू हातात धरून ऐकत होत्या.

"त्याला काकांनी सांगितलं होतं ना?"

"हो."

"म्हणजे कळणं शक्य होतं."

"हो, पण त्याला बरं वाटावं म्हणून..."

"त्याला वाटलं?"

"नाही."

"नाहीच वाटणार. 'कुडन्ट हॅव' ही गोळी नाही, ते विधान आहे. आणि विधान खोटं असलं, तर ज्याच्यासाठी ते केलं त्याला ते सगळ्यात आधी कळतं."

मला जरा राग आला. मी म्हटलं, "मग काय करू? शुड हॅव म्हणू?"

"ते डॉक्टर म्हणालेत. त्याचं पाठ झालंय." बाई फळ्याकडे वळल्या. "उठा. इथे या. वाक्य मी सुरू करते, तुम्ही पुरं करा."

त्यांनी लिहिलं : त्याने वडिलांना सकाळी आणलं असतं, तर. इंग्रजीत, 'हॅड'सकट, नीट. पुढे जागा सोडली. मी खडू घेतला आणि लिहिलं, हात वाचला असता. 'वुड हॅव'.

"वुड? खात्री आहे तुम्हाला?"

मी विचार केला. सकाळी आले असते तर औषध देता आलं असतं, पहिल्या काही तासांत ते दिलं तर फरक पडतो. पण सगळ्यांना पडत नाही. वेळेत येऊनही हात गेलेले पेशंट माझ्याच वॉर्डात होते.

"नाही. खात्री नाही."

"मग वुड कसं चालेल?"

मी ते पुसून 'माइट हॅव' लिहिलं.

"म्हणजे तिथे एक 'कदाचित' आहे. तो कदाचित त्या मुलापर्यंत कोणी पोहोचवलाय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"आता खाली दुसरं वाक्य. त्याने वडिलांना संध्याकाळी आणलं नसतं, तर?"

हे मी न थांबता लिहिलं. ते गेले असते. 'वुड हॅव'.

"इथे माइट नको?"

मला तो अडकणारा श्वास आठवला. "नाही, बाई. इथे वुडच."

मी पहिल्यांदाच त्यांना मॅडमऐवजी बाई म्हटलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

त्यांनी खडू ठेवला आणि हात झटकले. "बघा आता. ज्या वाक्यात कदाचित आहे, ते तो पक्कं समजून धरून बसलाय. आणि जे पक्कं आहे, ते त्याला कोणी सांगितलंच नाही. चाळीस-चाळीस मुलींचे वर्ग मी तपासलेत. 'मी अभ्यास केला असता तर पास झाले असते,' हे वाक्य प्रत्येक मुलगी लिहायची. 'मी मुळीच अभ्यास केला नसता तर' असं एकीनेही कधी लिहिलं नाही. माणसं हे वाक्य एकाच बाजूने बनवतात. जी बाजू चावते त्या बाजूने. व्याकरणात तसं काही नाही. व्याकरण दोन्हीकडे सारखंच चालतं."

मी जागेवर जायला निघाले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"आणि ऐका. आधी सकाळचं वाक्य म्हणायचं. ते टाळून नुसतं संध्याकाळचं म्हणालात, तर तेही त्याला खोटं वाटेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझं काम जरा हलकं झालं तशी मी बाहेर गेले. तो त्याच बाकावर होता. शेजारी घरून आलेला डबा, उघडलेला नव्हता. मी त्याच्या शेजारी बसले. तो दचकून उठायला लागला.

"काय झालं? आण्णांना काय झालं?"

"काही झालं नाही. बरे आहेत. बसा तुम्ही. मला बोलायचंय."

तो बसला. मी मनात वाक्यं जुळवली. गंमत म्हणजे ती इंग्रजीत जुळली आणि मग मी ती मराठीत आणली.

"तुम्ही सकाळी आणलं असतं, तर त्यांचा हात कदाचित वाचला असता."

त्याने झटकन माझ्याकडे पाहिलं. त्याला हे माझ्याकडून ऐकायची अपेक्षा नव्हती.

"कदाचित म्हणतेय मी. लवकर येऊनसुद्धा हात गेलेली माणसं आमच्याकडे आहेत. तुमच्या वडलांचं काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही, आणि डॉक्टरांनाही सांगता येणार नाही."

तो डब्याच्या कडीशी चाळा करत राहिला.

"पण तुम्ही संध्याकाळी आणलं नसतं, तर ते गेले असते. यात कदाचित नाही. मी होते तिथे. त्यांचा श्वास अडकत होता. अजून थोडा उशीर झाला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं."

लिफ्ट आली, माणसं उतरली, गेली.

"त्या काकांच्याच गाडीत घातलं," तो म्हणाला. "शेतातनं आलो तर आण्णा जमिनीवर पडलेले. रस्त्यात उसाचा ट्रॅक्टर आडवा व्हता. ट्रॅक्टरवाल्याला म्हणलं, घाल पिकात, मोडू दे काय मोडायचं ती. त्यानं घातला. तसाच आलो, सिग्नल न्हाय, काय न्हाय."

"म्हणजे तुम्हीच आणलं ना त्यांना?"

"म्याच आणलं," तो म्हणाला. जरा वेळाने पुन्हा, स्वतःशीच, "म्याच आणलं."

मला वाटलं होतं तो उठून आत येईल. तसं झालं नाही. त्याने डबा मांडीवर घेतला, उघडला, आणि विचारलं, "हितं पाणी कुठं मिळंल, सिस्टर?" मी जागा दाखवली आणि कामाला लागले.

तो आत आला दुसऱ्या दिवशी. आईच्या मागून, चोरपावलांनी, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. म्हाताऱ्याने त्याला पाहिलं. बराच वेळ नुसतं पाहिलं. मग डावा हात वर केला आणि मनगटातून हवेत सपासप फिरवला, कोयता चालवल्यासारखा. आणि भुवया उंचावल्या.

बायकोला कळेना, मला कळेना. मुलाला मात्र लगेच कळलं.

"गेला, आण्णा," तो म्हणाला. "समदा ऊस गेला. शेवटची खेप बी गेली."

म्हाताऱ्याने समाधानाने डोळे मिटले. मग मुलाचा हात ओढून घेतला आणि आपल्या लुळ्या उजव्या हातावर नेऊन ठेवला, ही बघ अवस्था, असं म्हटल्यासारखा. मुलगा तो हात दोन्ही हातांत घेऊन उभा राहिला आणि रडायला लागला. मी पडदा ओढून घेतला. माझे डोळेही काही कोरडे नव्हते, पण शेजारच्या पलंगावरचं सलाइन संपत आलं होतं.

नंतर आमच्या फिजिओथेरपिस्टने त्याला हाताचे व्यायाम शिकवले. सांगितले होते त्याच्या दुप्पट तो करून घ्यायचा. इतके, की एकदा म्हाताऱ्याने वैतागून डाव्या हाताने त्याला फटका दिला. सगळा वॉर्ड हसला. काही महिन्यांनी ते दोघं तपासणीला आले तेव्हा आण्णा काठी टेकत, पाय ओढत, पण स्वतः चालत आले. उजव्या हाताची बोटं जेमतेम हलत होती. हात पहिल्यासारखा झाला नाही, होणारही नव्हता. 'चल' आणि 'नको' एवढे दोन शब्द मात्र परत आले होते, आणि तेवढ्यावर ते सगळं घर चालवतात असं सून म्हणाली.

मुलगा आत आला त्याच आठवड्यात मी क्लासमध्ये सगळं सांगितलं. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या.

"मराठीत बोललात ना त्याच्याशी?"

"हो."

"मग आता इंग्रजीत म्हणून दाखवा. परीक्षक मांजरीचा नसणार."

मी म्हटलं. दोन्ही वाक्यं, सलग, न अडखळता. हॅड जिथल्या तिथे, माइट जिथल्या तिथे, वुड जिथल्या तिथे. बाईंनी एकही दुरुस्ती केली नाही. त्या खिडकीजवळ गेल्या, उघडी असलेली खिडकी पुन्हा उघडल्यासारखं काहीतरी केलं, आणि मग म्हणाल्या, "बरं, पुढे जाऊ." त्या दिवशी गृहपाठ द्यायचं त्या विसरल्या. आठवण करून द्यायची हिंमत कोणी केली नाही.

मी पुष्कळ शिक्षक पाहिलेत. प्रेमळ होते ते बऱ्याचदा ढिले होते आणि काटेकोर होते ते कोरडे होते. बाईंच्या बाबतीत मला या दोन गोष्टी कधी वेगळ्या काढता आल्या नाहीत. 'वुड' म्हणायचं की 'माइट', यावर त्या हट्टाने अडून बसायच्या तेव्हा आम्हाला वाटायचं, गुणांसाठी चाललंय. मांजरीच्या त्या मुलाच्या शेजारी बाकावर बसल्यावर मला कळलं, की योग्य शब्द निवडणं हेच त्यांचं जीव लावणं होतं.

परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झाले. पहिल्यांदा बोलण्यात उत्तम गुण मिळाले आणि लिहिण्यात गेले. पास झाल्यावरही मी परदेशी गेले नाही. तिकडच्या भरतीचं रेंगाळत गेलं, दरम्यान आमच्या हॉस्पिटलमध्ये झटक्याच्या पेशंटसाठी वेगळा वॉर्ड झाला आणि तिथली इन्चार्ज सिस्टर म्हणून मला विचारलं. मला ते काम आवडलं. एवढंच कारण.

हे सांगायला गेले तेव्हा बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग एवढं इंग्रजी शिकून आता करणार काय?"

"मराठी बोलणार," मी म्हटलं.

"उत्तर बरं आहे," त्या म्हणाल्या. "गुण मिळणार नाहीत."

माझी रूममेट मात्र गेली, जर्मनीला. हल्ली नर्सेस तिकडेच जास्त जातात. इंग्रजीच्या क्लासला येणाऱ्या मुली कमी झाल्या. दुसरं कोणी असतं तर क्लास बंद करून आराम केला असता. मागच्या दिवाळीत मी फराळ घेऊन भेटायला गेले, तर बाई टेबलाशी बसलेल्या, समोर रंगीत कार्डांचा ढीग.

"हे काय, बाई?"

"जर्मन. कर्वे रस्त्याच्या बाजूला क्लास लावलाय. सगळी विशीतली पोरं, आणि मी. परवाच्या चाचणीत सगळ्यांत कमी गुण मला." हे त्यांनी इतक्या आनंदाने सांगितलं की मला अभिनंदन करावंसं वाटलं. "विचित्र लोक आहेत हो. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. जेवायला बसलं की ताटाभोवती तिन्ही हजर. आणि मुलगी नपुंसकलिंगी! मी सरांना कारण विचारलं, तर म्हणाले, असंच असतं, पाठ करा. असं उत्तर मी चाळीस वर्षांत एकाही मुलीला दिलं नाही."

"मग क्लास सोडणार?"

"सोडते कशाला? कारण मी शोधून काढलंय. त्यांच्या 'मुलगी'ला शेवटी छोटेपणाचा प्रत्यय आहे, आणि तो लागला की काहीही नपुंसकलिंगी. सरांना अजून सांगितलं नाही, त्यांचा अपमान होईल." त्यांनी कार्डांचा ढीग उचलून माझ्या हातात दिला, खुर्ची सरकवून ताठ बसल्या, हात मांडीवर ठेवले, वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीसारखे. "विचारा."

मी पहिलं कार्ड काढलं. त्यावर खिडकीचं चित्र होतं. बाईंनी डोळे बारीक करून विचार केला आणि ठामपणे उत्तर दिलं. मी कार्डाच्या मागचं उत्तर बघितलं. चुकलं होतं.

"चूक," मी म्हटलं.

"वा," बाई म्हणाल्या. "पुढचं."